मागची गोड भिंत

वडिलांनी पहिली वीट चाटली तेव्हा मी मान दुसरीकडे वळवली. गवंडी समोर उभा, त्याचे दोन गडी उभे, शेजारच्या अंगणातून दोघी-तिघी बायका हातातलं काम टाकून बघतायत, आणि माझे ऐंशी ओलांडलेले वडील गोठ्याच्या भिंतीतून निघालेली वीट खांद्यावरच्या पंच्याने पुसून तिला जीभ लावतायत. डोळे मिटून जरा थांबले, थुंकले आणि म्हणाले, "खारट." वीट डावीकडे टाकली. दुसरी उचलली. "खारट." तिसरी. "ही तर नुसती मिठाची लादी हाय."

"काका, आज घरून डबा आला नाय वाटतं," गवंडी म्हणाला. गडी हसले, बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बाबांनी चौथी वीट उचलली.

मी रोह्याजवळच्या धाटावच्या एका कंपनीत तीसेक वर्षं केमिस्ट होतो. कशात मीठ किती, आम्ल किती, पाणी किती, हे काचेच्या नळ्यांत बघायचं आणि कागदावर लिहायचं, हाच माझा धंदा. त्यामुळे लाज वाटली ती वाटलीच, वर रागही आला. म्हटलं, "बाबा, असं नसतं हो. मी उद्या बाटली आणतो. दोन थेंब टाकले की कळतं."

"आण की," ते म्हणाले. "तवर मी करतो."

दुसऱ्या दिवशी मी खरंच सिल्व्हर नायट्रेटची बाटली घेऊन गेलो. विटेचा तुकडा कुटायचा, शुद्ध पाण्यात ढवळायचा, गाळायचा आणि वर दोन थेंब सोडायचे. मीठ असलं तर पाणी दुधासारखं पांढरं होतं. बाबांच्या ढिगांतून मी वीस विटा तपासल्या आणि एकही चुकलेली सापडली नाही. एका विटेला त्यांनी "जराशी" म्हटलं होतं, तर माझ्या नळीतही पाणी जरासंच गढूळलं. गवंड्याने ते वाकून बघितलं आणि विचारलं, "मग साहेब, ही बाटली कशाला आणली?" बाटली पिशवीत गेली ती परत बाहेर आली नाही.

बाबा जन्मभर मिठागरात राबले होते. जिभेवर खडा ठेवून ते सांगायचे, मीठ तयार आहे की अजून कडू पाणी निथळायचं बाकी आहे. त्यांच्या जिभेशी स्पर्धा करायला जाणं हा माझाच शहाणपणा.

आता घराचं सांगतो. पेणपासून खाडीच्या अंगाला आमचं गाव. मी जन्मलो त्याच वर्षी हे घर उभं राहिलं. तेव्हा गावात सगळ्यांच्या भिंती कुडाच्या आणि वर पेंढा. बाबांनी विटांचं घर बांधायला काढलं तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. पुढे ओटी, मग माजघर, त्याच्या बाजूला चुलीची खोली. अंगण ओलांडलं की गोठा आणि गोठ्याला लागून भात नि मीठ ठेवायची कोठी. वर मंगलोरी कौलं. विटा विकतच्या नव्हत्या, बाबांनी स्वतः थापलेल्या. माती डोंगराच्या पायथ्याच्या शेतातून बैलगाडीने आणलेली, कारण आमच्या गावची जमीन खारी. दोन भट्ट्या लावून विटा भाजल्या, असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो.

त्या ऐकण्याचा शेवट मात्र नेहमी एकच असायचा. एवढी लांबून गोडी माती आणली, आणि मळायला पाणी कुठलं घेतलं, तर शेजारच्या खाजणातलं. भरतीचं. आमच्याकडे ज्यात मीठ नाही ते सगळं गोडं. म्हणजे गोडी माती आणि खारं पाणी, असं ते लग्न लागलं होतं, आणि त्याचा संसार माझ्या आईला करावा लागला.

भिंतीतलं मीठ जात नाही. पावसाळ्यात भिंत ओल धरते, पाऊस सरला की वाळते, आणि वाळताना आतलं मीठ पांढरं होऊन वर येतं. त्याच्याबरोबर विटेचा पापुद्रा सुटतो. आई रोज सकाळी केर काढायची तेव्हा भिंतीच्या कडेने मूठभर पांढरा-तांबडा चुरा निघायचा. दिवाळीला दिलेला रंग शिमग्याला अंगावर यायचा. खुंटीला लावलेलं लुगडं सर्द व्हायचं. माझी शाळेची पुस्तकं भिंतीला टेकली तर पुठ्ठा फुगायचा. आई झाडू हातात घेऊन रोज तेच बोलायची, "मिठागरवाल्याला पाणी म्हटलं की खारंच आठवायचं. गावात गोडी विहीर नव्हती काय?" विहीर होती, पण गावात नव्हती, वरच्या गावात होती, बांधावरून दीड मैल. पण भांडणात कोण मैल मोजतं? बाबा म्हणायचे, "चुकलं," आणि मिठागरात निघून जायचे.

गावालाही ही गोष्ट पाठ होती. कोणी काही उलटंसुलटं केलं की लोक म्हणायचे, केलंस ना खाऱ्या पाण्याचं घर! आमच्या घराची अशी म्हण होऊन बसलेली मला अजिबात आवडायचं नाही. बाबा स्वतः त्यात हसायचे, त्याचा तर मला जास्त राग यायचा. माणसाला थोडा तरी अभिमान हवा, असं वाटायचं.

नोकरी लागली तेव्हा मी पराक्रम केला. सगळ्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला. केमिस्ट असून मला कळलं नाही, की आत मीठ कोंडलं तर ते वाट काढणारच. दोन पावसाळ्यांत गिलावा पापडासारखा फुगला आणि विटांचं तोंड घेऊन खाली आला. आईने तो चुरा सुपात भरला आणि मला म्हणाली, "बापाचा लेक शोभतोस."

पुढे तिचे गुडघे गेले आणि मी दोघांना रोह्याला फ्लॅटवर आणलं. आई तिथे इतकी खूश झाली, की पहिले काही दिवस येता-जाता भिंतीवरून हात फिरवायची. ऑइल पेंटची गुळगुळीत भिंत. हात कोरडा. माझ्या बायकोला म्हणायची, "बघ गो, काय नाय लागत." बाबा मात्र गॅलरीत बसून धाटावला जाणाऱ्या शिफ्टच्या बसगाड्या मोजायचे. कुठली उशिरा आली ते मला सांगायचे. मी रिटायर झालो आणि माझं तिकडे लक्ष देणं संपलं, तरी ते मोजतच राहिले.

एक दिवस जेवताना ते म्हणाले, "घर नीट कर. मला आता तिथंच राह्याचंय. हिला घेऊन."

बाबांनी माझ्याकडे आयुष्यात काही मागितलं नव्हतं. मी लगेच हो म्हणून बसलो. आईने भाताचं भांडं खाली ठेवलं. "मी नाय यायची," ती म्हणाली. "पन्नासावर वरसं त्या भिंती झाडल्या. तुमी जावा. ज्या दिवशी भिंतीला हात लावून पांढरं लागायचं नाय, त्या दिवशी मला बोलवा."

बाबा दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन तयार. गवताची गादी, तांब्या आणि पंचा. शेजारच्या पुतण्याच्या घरी जेवायचं ठरवून ते पडक्या घरात राहायला गेले, आणि साठ वर्षांच्या संसारात पहिल्यांदा माझे आईवडील वेगवेगळ्या गावांत राहू लागले. मला ते बघवत नव्हतं. आई संध्याकाळी गॅलरीत त्यांच्या खुर्चीत बसायची आणि विचारलं तर म्हणायची, इथं वारा बरा येतो.

सगळे म्हणाले पाडून टाक, स्लॅब घाल. माझ्या भावकीतल्या एकाने तर बंगल्याचं चित्रसुद्धा मोबाइलवर आणून दाखवलं. बाबा त्या चित्राकडे बघून म्हणाले, "बरं हाय. कोनाचं?" विषय तिथेच संपला. मलाही पाडायचं नव्हतं. माझ्या सिमेंटच्या पराक्रमाचं प्रायश्चित्त मला त्याच भिंतीवर घ्यायचं होतं.

मी सकाळच्या गाडीने रोह्याहून पेणला यायचो, तिथून टमटमने गावात, आणि दुपारनंतर परत. गवंडी नागोठण्याकडचा होता. जुन्या देवळांची कामं केलेला, बोलायला फटकळ, हात मात्र सोन्याचा. त्याने पहिल्याच दिवशी माझं राहिलेलं सिमेंट छिन्नीने टवकायला घेतलं आणि प्रत्येक टवक्याला विचारायचा, "हे कोणत्या शहाण्याने लावलं?" मी पाच-सहा वेळा तरी म्हणालो, मागच्या मालकाने.

त्याने चुन्याचाच आग्रह धरला. भट्टीचा चुना आणून खड्ड्यात पाण्यात मुरत ठेवला, नदीची रेती, विटांचा चुरा, गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी. चुन्याचा गिलावा भिंतीला श्वास घेऊ देतो, मीठ आलं तर गिलाव्यात येतं, वीट वाचते. पण ज्या विटांच्या पोटात नुसतं मीठच होतं त्यांचं काय? पार कुजलेल्या होत्या त्या काढून टाकायच्या होत्या. त्यांच्या जागी घालायला गोठा आणि कोठी यांच्या पडलेल्या भिंतींतल्या चांगल्या विटा वेचायच्या होत्या. म्हणून ते चाटणं सुरू झालं होतं.

गोठ्यात चांगल्या विटा फार निघाल्या नाहीत. कोठीत तर नाहीच. शेवटी शेजारच्या गावातल्या एका पडलेल्या घराच्या विटा मागून आणल्या. त्याही बाबांनी एकेक तपासल्या. त्या घरवाल्याला वाटलं असणार, ह्यांच्याकडे विटा खायची चाल आहे.

आणि जागेवर राहिलेल्या भिंतींसाठी मला एक युक्ती सुचली. पेणला गणपतीच्या कारखान्यांत शाडू माती असते. ओली माती भिंतीला जाड थापली, की वाळता वाळता ती भिंतीतलं मीठ आपल्यात ओढून घेते. मग खरवडून टाकायची. मी एका कारखान्यात जाऊन शाडूच्या गोणी मागितल्या तेव्हा मालकाने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "किती फुटांचा गणपती करताय?" मी म्हटलं, "गणपती नाही, भिंतीला लावायचीय." तो म्हणाला, "शाडू?" आणि आतल्या बाईला हाक मारून मला परत तेच बोलायला लावलं.

माजघराची मागची भिंत तेवढी शेवटी ठेवली आणि बाकी सगळं घर शाडूने लिंपलं. पांढरंधोप. दहाव्या दिवशी खरवडलेली पहिली पोपडी बाबांनी तोंडात टाकली. माझा जीव टांगणीला. ते थुंकले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आली की रे मीठ घेऊन." एवढंच. पण मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. मला पहिला नंबर कधी आला नव्हता, तेव्हा अंदाजानेच म्हणतोय.

तीन-तीनदा शाडू लावला, तीन-तीनदा काढला. मग चुन्याचा गिलावा. रोज संध्याकाळी मी रोह्याला परतलो की आई विचारायची, "हाताला लागतं?" मी भिंतीला हात लावायचो, पांढरं लागायचं, तो गाडीत पँटला पुसायचो आणि घरी येऊन कोरडा हात दाखवायचो. आई हाताकडे बघायची नाही, पँटकडे बघायची.

इकडे बाबांची तयारी चाललेली. आईला खाली बसता येत नाही म्हणून चुलीच्या खोलीत उभ्याचा ओटा घालून घेतला. ओट्याची उंची गवंड्याने विचारली तेव्हा त्यांनी स्वतःच्या छातीखाली हात धरून दाखवला, "इथवर येतं तिचं कोपर. आता जराशी बुटकी झालीय, चार बोटं कमी धर." न्हाणीच्या पायरीला लोखंडी कडी लावली. खुंट्या खाली घेतल्या. मी म्हटलं, "बाबा, ती नाहीच आली तर?" ते म्हणाले, "येईल. भिंत कोरडी झाली की येईल." त्यांचा स्वतःच्या चुकीवर एवढा विश्वास होता, की ती निस्तरली की सगळं मिटेल असं त्यांना खरंच वाटत होतं. मला मात्र भीती वाटायला लागली होती. कारण भिंती सुधारल्या होत्या, कोरड्या झाल्या नव्हत्या. विटेत मुरलेलं मीठ माझ्या हयातीत पुरतं जाणार नव्हतं, हे माझ्यातल्या केमिस्टला माहीत होतं. आणि बाबांकडे किती वर्षं होती?

माजघराची मागची भिंत आम्ही सगळ्यात शेवटी हातात घेतली. गवंड्याने तिच्यावरचं सिमेंट काढलं तर आत विटा अशा, जणू कालच भट्टीतून आल्या. कोपरे शाबूत, रंग लालभडक. त्याने छिन्नीची मूठ मारून बघितली, टणटण वाजली. मी एक कोपरा फोडून जिभेला लावला. हो, मीसुद्धा. आता एवढे महिने झाल्यावर लाज कसली? नुसती मातीची चव. गोड.

खालपासून कौलांपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ती अख्खी भिंत गोड होती.

बाबा ओटीवर बसून हिरडे फोडत होते. मी जाऊन समोर बसलो. "बाबा, मागची भिंत गोडी कशी?"

"असंल."

"असेल कसं? माती तीच, थापणारे तुम्हीच. दोन भट्ट्या लावल्या म्हणता. पहिल्या भट्टीला पाणी कुठलं होतं?"

त्यांनी आणखी दोन हिरडे फोडले. मग म्हणाले, "हिनं आणलेलं."

पहिल्या भट्टीचं सगळं पाणी आईने वरच्या गावच्या विहिरीवरून आणलं होतं. डोक्यावर दोन हंडे, बांधावरून दीड मैल, दिवसातून किती खेपा ते दोघांनाच माहीत. मी तेव्हा तिच्या पोटात होतो. सातवा महिना. पहिली भट्टी लागली, दुसरीसाठी माती मळायला घेतली, आणि एका दुपारी बाबांनी तिला येताना लांबून पाहिलं. बांधावर ती मध्येच थांबली. हंडे उतरवले आणि खाली बसली. उठली, थोडं चालली, परत बसली. असं तीनदा. घराजवळ आली तेव्हा मात्र ताठ चालत आली आणि काही बोलली नाही.

"तिला सांगितलं असतं नको आणू, तर ऐकली असती?" बाबा म्हणाले. "हट्टी बाई. म्हटलं, भट्टीवाला सांगून गेला, खाऱ्या पाण्यानं वीट जास्त पक्की होते. तुझ्या पाण्याची गरज नाय. आणि खाजणातलं घेतलं."

"तुम्हाला माहीत होतं मीठ फुटेल?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी मिठागरवाल्याला समुद्र खारट असतो का विचारलं.

गावाने जन्मभर चेष्टा केली, आईने रोज सकाळी झाडूच्या तालावर उद्धार केला, मीसुद्धा मनात त्यांना अडाणी म्हटलं होतं, आणि हे नुसतं चुकलं म्हणत राहिले! माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. बाबांना तेही आवडलं नाही. "तिला बोलशील तर बघ," ते म्हणाले. "जीवाला लावून घेईल. म्हणेल, माझ्यामुळं घर खारं झालं."

मी शब्द दिला. तो मी नऊ दिवस पाळला.

दहाव्या दिवशी मी रोह्यात होतो. पाऊस सुरू झालेला. गिलाव्यावर पुन्हा पांढरी छटा आली होती आणि बाबा फोनवर म्हणाले होते, "या वरसाला नाय जमायचं. पुढच्या वरसाला बघू." त्यांच्या तोंडून पुढचं वर्ष ऐकलं आणि मला राहवेना. आई कोलीम, जवळ्यासारखी बारीक सुकी मासळी, निवडत बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसून सगळं सांगून टाकलं. बांध, तीनदा बसणं, मागची भिंत. बायको ओट्याशी उभी होती, तिने गॅस बंद केला.

आईचे हात थांबले. मला वाटलं रडेल. ती भडकली.

"मला इचारायचं होतं! मी आणलं असतं! तीनदा बसले म्हणून काय झालं, धा वेळा बसले असते!" आवाज इतका चढला, की शेजारचं दार उघडलं. "तुझ्या पाण्याची गरज नाय म्हणाले मला. माझ्या डोक्याची कातडी सोलली होती त्या पाण्यानं, नि हे म्हणतात गरज नाय. तेवढंच माझ्या मनात ऱ्हायलं. भिंतीचं काय रे, भिंत झाडली की झाली."

म्हणजे एवढी वर्षं ती मिठावर भांडत नव्हतीच.

मग कोलमातला कचरा बोटाने बाजूला करत म्हणाली, "मला वाटलेलं, बांधावर मी बसले ते कोणी बघितलं नाय." आणि थोड्या वेळाने, "सकाळची गाडी किती वाजता?"

आम्ही तिला घेऊन गेलो. नागोठण्याला अंबा नदीचं पाणी चढलेलं, गाडी रेंगाळत चालली, पेणहून टमटमने हाडं खिळखिळी केली, पण ती कुठे कण्हली नाही. बाबा ओटीवर उभे. तिला बघून त्यांनी पंचा उगाच एका खांद्यावरून दुसऱ्यावर टाकला. ती सरळ आत गेली. मी दारातून पाहिलं, ती माजघरात मागच्या भिंतीशी उभी होती. दोन्ही हात भिंतीवर ठेवले होते आणि कपाळही. बाबा बाहेर माझ्या तोंडाकडे बघत होते, तू बोललास का, असं. मी कौलं मोजायला लागलो.

आई बाहेर आली. ओटीच्या भिंतीला तळवा घासला आणि पांढरा हात त्यांच्या नाकासमोर धरला. "ह्ये बघा. अजून हायच. खाऱ्या पाण्याची अक्कल कोणी दिली होती तुमाला?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "चुकलं गो," ते म्हणाले, आणि इतक्या आनंदाने चुकलं म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही.

दुपारी ती नव्या ओट्याशी उभी राहून भाजी चिरत होती. उंची अगदी बरोबर आली होती. मी पाणी प्यायला आत गेलो, तर तिने मला हाताने जवळ बोलावलं. "त्यांना कळू देव नको हां, मला म्हायती हाय ते," ती हळू आवाजात म्हणाली. "एवढी वरसं एकट्यानं सांभाळलं त्यांनी. आता माझ्यामुळं फुकट नको जायला."

मी मान हलवली. आमच्या गावात आता अंगणात नळ आहे, एक दिवसाआड पाणी येतं, आणि ते नेमकं तेव्हाच आलं. बाहेर हंड्यात धार पडल्याचा आवाज झाला. आईने सुरी बाजूला सारली, पण तेवढ्यात अंगणातून बाबा ओरडले, "तू नको उठू गो. मी भरतो."